भोपाळच्या टेकडीवर समुद्रकाठची घरे

भोपाळला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनारा गाठावयाचा म्हटले तरी कित्येक शेकडो किलोमीटर जावे लागते. तथापि भोपाळकरांना पाण्याची उणीव कधी भासली नाही. राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीला बांध घालून येथील मोठा तलाव निर्माण केला, अशी परंपरा आहे. श्यामला टेकडीवरून पाहू जाता पलीकडचा काठ धूसर दिसतो, आणि वारा सुटला म्हणजे खालच्या दगडांवर लाटा आपटतात. त्या वेळी वसईकडचा माणूस क्षणभर तरी आपण गावच्या किनाऱ्यावरच उभे आहोत, असे समजल्यावाचून राहणार नाही. या तलावाच्या शेजारी छोटे खान नामक दिवाणाने १७९४ साली दुसरा लहान तलाव बांधला. हे दोन्ही मिळून झालेल्या ३,२०१ हेक्टरांच्या ‘भोज पाणथळी’ला २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले.

मुंबईहून पंजाब मेलने निघालेला प्रवासी कल्याण, भुसावळ, खांडवा, इटारसी अशी स्थानके मागे टाकीत, नर्मदामैया ओलांडून, सुमारे ८४० किलोमीटरांचा प्रवास करून येथे उतरतो. शहरात मराठी कानी पडते, याचे नवल वाटावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही बिऱ्हाड पाठीवर घेऊन इकडे आली. राजधानीच्या नव्या वस्तीतील एका मोठ्या भागाला तात्या टोपे यांचे नाव आहे. परमुलखात गेलेल्या माणसाला आपल्याकडचे नाव पाटीवर वाचले की किती धीर येतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक!

परंतु आजचा हा लेख ज्यासाठी लिहावयास घेतला, ती गोष्ट श्यामला टेकडीवर आहे. तेथे सुमारे २०० एकरांच्या आवारात इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पसरले आहे. संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि त्यांतील धूळ खाणाऱ्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. येथील रीत निराळी आहे. येथे भारताच्या नाना प्रांतांतील घरेच्या घरे उघड्या आकाशाखाली उभी आहेत. ती नमुन्यावरून कंत्राटदाराने बांधलेली नाहीत. ज्या लोकांची ती घरे, त्या लोकांनीच येथे येऊन, आपल्याकडील सामान वापरून, आपल्या हातांनी ती उभारली. आदिवासींच्या वस्त्यांचा एक भाग आहे, हिमालयातील गावाचा एक, वाळवंटातील गावाचा एक. आणि समुद्रापासून इतक्या दूर, या खडकाळ उतारावर, एक ‘किनाऱ्याचे गाव’ही आहे.

आदिवासींच्या घरांत आपल्या शेजारच्या वारल्यांचे घर आहे. वसई, पालघर, डहाणू या भागांत वारली बांधवांची वस्ती आपण लहानपणापासून पाहतो. ज्यांनी आपल्या वाडीत कामे केली, ज्यांच्याकडून आपण गवताचे भारे घेतले, त्यांचे घर परक्या शहरात मोठ्या सन्मानाने उभे असलेले पाहून मन विचारात पडते. लाकडी खांब, कारवीच्या काड्यांचे कूड, त्यावर माती आणि शेण यांचे लिंपण, गेरूचा रंग आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे. हीच चित्रे कागदावर उतरवून जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्या अंगणापलीकडे जे होते ते आपण साधे झोपडे समजत आलो, आणि देशाने मात्र ते जतन करण्याजोगे मानले, ही गोष्ट प्रत्येकाने मनाशी ताडून पाहावी.

आता समुद्रकाठचे घर कसे उभे राहते ते क्रमाने पाहू. आधी जागेची निवड. किनाऱ्यावरील जुना माणूस लाटांच्या अगदी जवळ कधी घर बांधीत नाही. वाळूचा उंचवटा, त्यामागे ताडामाडांची रांग आणि तिच्या आडोशाला घर, असा त्याचा हिशेब असतो. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा आणि वाळूवर बांधणाऱ्या मूर्खाचा प्रभू येशूने सांगितलेला दाखला आपण सर्व जाणतो. पण ज्याच्या नशिबी खडक नाही त्याने काय करावे? तो वाळूचा स्वभाव ओळखतो. पाणी कोठून येते, वारा कोणत्या अंगाने मारतो, भरती कोठवर चढते, हे वडिलांना विचारतो आणि त्याप्रमाणे वागतो. ऐकणे आणि त्याप्रमाणे वागणे हेच तर त्या दाखल्याचे मर्म आहे.

मग जोते भरावयाचे. माती आणून धुम्मसाने ठोकून ठोकून ती घट्ट करावयाची. त्यावर ताडाचे किंवा माडाचे खांब. खांबांवर तुळया, मध्ये आढे, आढ्यावरून दोन्ही अंगांना उतरणारे वासे, वाशांवर रिपा. ही सर्व बांधणी दोरांनी केलेली असते. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो आणि लाकूडही खातो. शिवाय वादळात खिळ्याचा सांधा तुटतो, तर दोराचा सांधा थोडा हलतो आणि टिकतो. तमिळ किनाऱ्यावरील ‘कट्टुमरम’ या होडीच्या नावाचा अर्थच ‘बांधलेली लाकडे’ असा आहे. ज्या हाताला ओंडके बांधून समुद्रावर जाता येते, त्याच हाताला वासे बांधून घर उभारता येते. किनाऱ्यावरील मनुष्याला सुतार आणि नावाडी अशा दोन विद्या वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत.

शेवटी छप्पर. ते विणलेल्या झावळ्यांनी किंवा गवताने शाकारतात आणि वळचण मुद्दाम खाली ओढतात. आंध्राच्या उत्तर किनाऱ्यावर, जेथे चक्रीवादळे वरचेवर येतात, तेथे मातीच्या भिंतींची गोल घरे बांधण्याची चाल आहे. त्यांची शंकूसारखी छपरे जमिनीला टेकतील इतकी खाली येतात. वाऱ्याला धरावयास कोपराच सापडत नाही. तो घराला वळसा घालून निघून जातो. केरळात पाऊस अधिक, म्हणून तेथे छपरे उतरती आणि घराच्या मध्यभागी चौक. चारी बाजूंचे पाणी चौकात पडते, तेथून उजेड आणि वाराही आत येतो. आपल्या वसईकडेही पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे कूड बांधण्याची रीत होती. ती कोणत्या पुस्तकातून आली नव्हती. आजोबांनी नातवाला दिली होती.

या दक्षिण किनाऱ्याशी आपले आणखी एक नाते आहे. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले आणि त्याच वर्षी तमिळ देशातील मोत्यांच्या किनाऱ्याकडे गेले. त्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या अशाच झावळ्यांच्या घरांतून त्यांनी मुलांना प्रार्थना शिकविल्या. आजही तेथील पुष्कळ कोळी कुटुंबे कॅथलिक आहेत. ‘किनाऱ्याच्या गावा’त फिरताना आपण अनोळखी लोकांच्या अंगणात नाही, तर दूरच्या सोयऱ्यांच्या वाड्यात उभे आहोत, असे वाटते ते यामुळेच.

एवढे पाहून झाल्यावर मात्र एक गोष्ट मनाला टोचते. सर्व घरे नीटनेटकी आहेत, पण चुलीत विस्तव नाही. दोरीवर जाळे वाळत नाही. ओट्यावर बसून कोणी तांदूळ निवडीत नाही, पाळण्यातून मूल रडत नाही. गवताचे छप्पर दर काही वर्षांनी शाकारावे लागते, मातीची भिंत दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागते, आणि येथे ते काम घरच्यांना सणासारखे न राहता संस्थेला खर्चून करवावे लागते. संग्रहालयाचा यात दोष नाही. उलट त्याने ही विद्या सांभाळली नसती तर ती कित्येक ठिकाणी नाहीशीच झाली असती. पण घर संग्रहालयात जाण्याची वेळ का यावी, हा प्रश्न आपला आहे.

कारण आपल्या गावांतूनही तेच चालले आहे. जुनी कौलारू घरे एकेक करून उतरविली जात आहेत. कुटुंब वाढले, भावाभावांत वाटण्या झाल्या, वाळवीने वासे खाल्ले, कौले चढविणारा माणूस मिळेनासा झाला. कारणे खरी आहेत आणि त्यांसाठी कोणाला दोष देता येणार नाही. गळक्या छपराखाली म्हाताऱ्या आईला ठेवून परंपरा जपण्यात धर्म नाही. तेव्हा नवे घर बांधावेच लागेल. प्रश्न इतकाच, की ते बांधताना जुन्या घराला काही विचारावयाचे की नाही?

याचे उत्तरही त्याच टेकडीवर सापडते. मानव संग्रहालयापासून जवळच, तलावाच्या काठी, ‘भारत भवन’ आहे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याचे शिल्पकार चार्ल्स कोरिया हे मूळच्या गोव्याच्या कॅथलिक घराण्यातील. १९३० साली सिकंदराबादेस जन्मलेल्या आणि २०१५ साली मुंबईत निवर्तलेल्या या गृहस्थांनी भारत भवन उंच उठविले नाही. टेकडीच्या उतारात त्यांनी ते अलगद बसविले आहे. वरून येणाऱ्याला प्रथम गच्च्या आणि अंगणेच दिसतात. पायऱ्या उतरत जावे तसतसे दालन उघडते आणि शेवटी तलाव समोर येतो. सिमेंट आजचे आहे, पण आकाशाखालचे अंगण, ओट्यासारख्या बसावयाच्या पायऱ्या आणि ऊन टाळून घेतलेला उजेड, हे सर्व जुन्या घरांचेच देणे आहे. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून ओळखले जाणारे साल्व्हेशन चर्च आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९७० नंतरच्या दशकात त्याची नवी वास्तू उभी राहिली, तीही कोरियांनीच आखली. तेथेही मोकळ्या चौकांना त्यांनी प्रार्थनेत सामील करून घेतले आहे. नवे बांधावयाचे म्हणजे जुने विसरावयाचे, असे मुळीच नाही.

भोपाळात ख्रिस्ती माणसाने जहांगीराबादेतील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये मिस्साला अवश्य जावे. येथे बूर्बाँ नावाचे फ्रेंच वंशाचे कॅथलिक घराणे नबाबांच्या पदरी होते. त्यातील बाल्थझार बूर्बाँ ‘शहजाद मसीह’ या नावाने दरबारात ओळखले जात. परके म्हणून आलेले हे लोक येथलेच झाले, येथल्या भाषेत बोलले, आणि त्यांच्या आश्रयाने देवाचे घरही येथे उभे राहिले. १९६३ साली भोपाळ महाधर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले महागुरू युजीन डिसोझा हे नागपुराहून आले.

याच शहरात २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कारखान्याच्या दारासमोरच गरिबांची दाट वस्ती होती. दारे लावून झोपलेल्या हजारो माणसांना त्यांच्या भिंती वाचवू शकल्या नाहीत. घर किती मजबूत आहे एवढे पाहून भागत नाही; ते कोठे आहे, शेजारी काय आहे, आणि आपल्या शेजाऱ्याचे घर सुरक्षित आहे की नाही, हेही पाहावे लागते, हा धडा भोपाळने फार मोठी किंमत देऊन शिकविला आहे. समुद्रकाठी राहणाऱ्यांना तो निराळ्या रूपाने लागू पडतो. किनाऱ्याच्या बांधकामावर १९९१ साली सरकारने नियम घातले आणि २०१९ साली ते नव्याने काढले. हे नियम आपल्याला जाच वाटतात. पण भरतीरेषेपासून मागे सरून, माडांच्या आड घर बांधणारा आपला आजोबा कोणत्याही नियमाशिवाय तेच करीत होता.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी यंदा जुने घर उतरवून नवे बांधण्याचा बेत असेल, त्यांना एक विनंती. पहिले कौल काढण्यापूर्वी एक रविवार त्या घराला द्यावा. मुलांनी टेप घेऊन ओटा, माजघर, पडवी मोजावी आणि वहीत आराखडा काढावा. छायाचित्रे घ्यावी. आजीला विचारावे, की खिडकी याच बाजूला का, वळचण इतकी खाली का, विहिरीची जागा कोणी दाखविली, आणि तिने सांगितलेले लिहून ठेवावे. गावात जुना सुतार किंवा गवंडी हयात असेल तर त्याला नव्या घराच्या गवंड्याशेजारी एक दिवस बसवावे. चांगले सागवानी खांब भंगारात न देता नव्या घरात कोठेतरी उभे करावे. आणि नवा आराखडा करणाऱ्याला निक्षून सांगावे, की आम्हाला बसावयास ओटा हवा, वारा येईल अशी समोरासमोर खिडकी हवी, आणि सर्व घर एकत्र जमून रोजरी म्हणेल एवढी एक खोली हवी.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचे घर कसे होते, हे आपणांस ठाऊक नाही. ते बहुधा लहानच असावे. पण त्यात एक सुतार राबत होता, एक आई चूल पेटवीत होती आणि एक मुलगा बापाच्या हाताखाली काम शिकत होता. भोपाळच्या टेकडीवरील घरांत आज हेच तेवढे नाही. आपल्या घरांत ते अजून आहे. पावसाळा संपला की ज्यांची कौले परतावयाची असतील त्यांनी ती परतावी, आणि त्या वेळी घरातल्या एखाद्या मुलाला शिडी धरावयास जवळ उभे करावे.