वैकुंठ नाकारणारी आवली

चित्रपटातला धर्मविचार शिकवायचा म्हटला की बर्गमन आणि ड्रायर येतात, सत्यजित राय यांचा ‘देवी’ येतो. मी मात्र आधी ‘संत तुकाराम’ लावतो. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, १९३६चा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. चित्रपट मात्र बहुतेकांनी कधीतरी लहानपणी पाहिलेला असतो, तेवढाच.

सुरुवातीलाच तुकारामांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस भजनात रंगलेले दिसतात. मग तेच भजन तुकारामांचा मत्सर करणारा सालोमालो स्वतःच्या नावावर खपवतो, नाटकी ताना घेत. शब्द तेच, फरक गाणाऱ्याच्या देहात. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या पागनीसांच्या अंगात एक मऊपणा आहे, नायकाचा ताठा औषधालाही नाही. गंमत म्हणजे शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग लोकांनी पुढे तुकोबांचाच समजून गायला. दुसऱ्याच्या ओळींवर आपलं नाव घालणाऱ्या सालोमालोची खोटी नाममुद्रा पहिल्याच झटक्यात उघडी पडते. आपलं नाव मागे ठेवणारे आठवले गाथेत बेमालूम मिसळून गेले.

पण मला या चित्रपटात खरं दैवत-चिंतन दिसतं ते तुकारामांच्या बायकोत, आवलीत. अभिनेत्री गौरीने तिला शिवराळ, राबणारी, पोटातून मायाळू केली आहे. डोंगरावर भजनात बसलेल्या नवऱ्याला ती शिव्या घालत जेवण नेऊन देते. पोर तापाने फणफणलं की त्याला घेऊन देवळात शिरते आणि हातात वहाण घेऊन देवाला जाब विचारते. कीर्तनकार याला विरोधभक्ती म्हणतील. मला तो रोखठोक हिशेब वाटतो: नवरा तू नेलास, आता पोराचं तूच बघ.

याच रोखठोकपणामुळे इथले चमत्कार पचतात. कॅमेरा समोरासमोर, साधा. अंगणावर जो उजेड तोच देवावर. त्याच जोडीच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) चमत्कारांची कारागिरी वरचढ आहे, पण देवाला दरडावणारं घरात कोणी नाही. म्हणून तिथे मी थक्क होतो, गुंतत नाही.

शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात, बायकोलाही चल म्हणतात. ती जात नाही. पोरंबाळं, चूल, संसार कोणावर टाकायचा? इथे प्रेक्षक हसतात, बिचारीला कळलंच नाही म्हणून. चित्रपट मात्र तिला कमी लेखत नाही. मुक्ती नको, पुन्हा संतसंगाचा जन्म दे, हे मागणं तर गाथेतल्या तुकोबांचंच आहे. पडद्यावरचे तुकोबा गरुडावर बसून जातात आणि गाथेतल्या तुकोबांचं ऐकते ती आवली. दामले-फत्तेलालांच्या मनात एवढं असेल का, असं वर्गात कोणीतरी विचारतंच. नसेलही. पण निरोपाच्या प्रसंगात तिला चुलीपाशी ठेवायचं, हे ठरवलं त्यांनीच.