बेकारी ‘नैसर्गिक’ असते काय?

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा पदवी घेऊनहि दीड वर्ष घरीं बसून होता. एके सायंकाळीं आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां बोलणें त्या विषयावर आलें, आणि समजूत घालावी या हेतूनें आम्ही बोलून गेलों, “अहो, कोणत्याहि देशांत शेंकडा चारपांच माणसें बेकार असावयाचींच. अर्थशास्त्रज्ञ तर तिला ‘नैसर्गिक बेकारी’ असेंच म्हणतात!” स्नेही नुसते हंसले. चहाचे पेले उचलावयास आलेल्या वहिनी मात्र दाराशीं थांबून म्हणाल्या, “असेल तसें. पण त्या चारपांचांत आमचाच कां, हें तुमच्या शास्त्रांत कोठें लिहिलें आहे का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं परततांना वाटूं लागलें कीं, ज्या शब्दानें आम्हीं दुसऱ्याच्या दुःखाची वासलात लाविली, त्याचा अर्थ तरी आम्हांस नीट ठाऊक आहे काय?

त्यानंतर सवडीप्रमाणें जें वाचलें, त्याचें सार वाचकांपुढें ठेवितों. लंडन येथील प्राध्यापक ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनीं १९५८ सालीं ब्रिटनचे १८६१ ते १९५७ पर्यंतचे आकडे जुळवून दाखविलें कीं, बेकारी कमी असते तेव्हां मजुरी झपाट्यानें वाढते, आणि बेकारी वाढली कीं ती वाढ मंदावते. यांत नवल नाहीं. माणसें मिळेनाशीं झालीं म्हणजे मालकास हात सैल सोडावाच लागतो. परंतु पुढें कित्येकांनीं त्यावरून असा सोयीस्कर अर्थ काढिला कीं, थोडी महागाई पत्करिली म्हणजे बेकारी हवी तितकी कमी करितां येईल.

या समजुतीस १९६७ च्या डिसेंबरांत मिल्टन फ्रीडमन यांनीं अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून हरकत घेतली. एडमंड फेल्प्स हेहि त्याच सुमारास स्वतंत्रपणें त्याच निर्णयास आले होते. त्यांचें म्हणणें असें कीं, लोक कांहीं कायमचे फसत नाहींत. भाव चढणार हें एकदां कळलें म्हणजे ते मजुरीहि त्या बेतानें मागतात. मग महागाई तेवढी राहते, आणि बेकारी आपल्या पूर्वीच्या ठिकाणीं परत येते. त्याहून खालीं ती दाबून धरावयाची, तर महागाई उत्तरोत्तर वाढवीतच न्यावी लागेल. या ठिकाणास फ्रीडमन यांनीं ‘नैसर्गिक प्रमाण’ हें नांव दिलें. स्वीडनचे विक्सेल यांनीं व्याजाच्या दरास लाविलेलें विशेषण त्यांनीं बेकारीस लाविलें.

कल्पना अगदींच निराधार नाहीं. गांवांत उपवर मुली आणि मुलगे सारखेच असले, तरी कोणत्याहि दिवशीं कांहीं घरीं स्थळें पाहणें चालूच असतें. नोकरीचेंहि तसेंच आहे. शिवाय फ्रीडमन यांनीं त्याच भाषणांत स्पष्ट केलें होतें कीं, ‘नैसर्गिक’ म्हणजे अढळ नव्हे; कायदे, मजूरसंघ इत्यादि मनुष्यकृत गोष्टींवर तें प्रमाण पुष्कळसें अवलंबून असतें. पण खुलासा मागें पडला, आणि विशेषण तेवढें जगभर गेलें.

पुढील दशकानें फ्रीडमन यांची बाजू उचलून धरिली. १९७५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत बेकारी शेंकडा ९ असूनहि महागाई जोरांत होती. १९७९ पासून तेथील मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनीं पैसा आवळला. व्याजाचे दर अतोनात चढले, आणि १९८२ च्या अखेरीस बेकारी शेंकडा १०.८ वर पोंचली. महागाई उतरली, हें खरें. पण तिची किंमत ज्यांनीं भरली, त्यांना कोणीं विचारिलें नव्हतें.

तथापि, हें प्रमाण नेमकें किती, हा प्रश्न सुटला नाहीं. १९९७ सालीं स्टायगर, स्टॉक व वॉटसन या तिघां पंडितांनीं हिशेब केला, तेव्हां १९९० सालापुरतें तें शेंकडा ५.१ आणि ७.७ यांच्या दरम्यान कोठें तरी असावें, इतकेंच त्यांस सांगतां आलें. आंकड्यांत हें अंतर अडीचांच्या घरांतलें. परंतु अमेरिकेंत त्या वेळीं कामकऱ्यांची संख्या साडेबारा कोटींच्या आसपास होती. म्हणजे हें अंतर तीस लाखांहून अधिक माणसांचें झालें! २०१२ सालीं तेथील मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्यांचा अंदाज ५.२ ते ६ असा होता. २०१९ सालीं बेकारी ३.५ वर आली, आणि महागाई कांहीं भडकली नाहीं. उलट, २०२२ च्या जून महिन्यांत महागाई शेंकडा ९.१ झाली, तेव्हां लॉरेन्स समर्स यांच्यासारख्या नामांकित विद्वानांनीं बजाविलें कीं, बेकारी बरीच वाढल्याविना ती उतरणार नाहीं. वर्षभरांत महागाई ३ वर आली. बेकारी मात्र चारांच्या आंतच राहिली.

कल्पनेचे कैवारी म्हणतात, प्रमाण काळानुसार बदलतें, एवढेंच. विरोधक विचारतात, जें दर वेळीं घटना होऊन गेल्यावर सरकवावें लागतें, त्याच्यावर धोरण कसें उभारावें? जेम्स गॅलब्रेथ यांनीं तर १९९७ सालींच ही कल्पना टाकून द्यावी असें सुचविलें.

आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटलें तें ब्लांशार यांनीं समर्स यांच्याच सहकार्यानें १९८६ सालीं युरोपाविषयीं मांडलेलें मत. दीर्घकाळ बेकारी राहिली कीं तें ‘नैसर्गिक’ प्रमाणच वर सरकतें, असें तें मत आहे. रिकाम्या बसलेल्या माणसाचा हात मोडतो, उमेद खचते, आणि “इतके दिवस काय करीत होतां?” या प्रश्नापाशीं मुलाखत संपते. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांस हाच प्रश्न तीन ठिकाणीं विचारला गेला होता! आज आपण जी बेकारी निरुपाय म्हणून चालूं देतों, तीच उद्यां निसर्गाच्या नांवावर जमा होते.

खर्चास कांहीं मर्यादा नसावी, असें आम्ही म्हणत नाहीं. महागाईहि गरिबाच्याच ताटांतला घास काढते. परंतु पाऊस नैसर्गिक, भरती-ओहोटी नैसर्गिक. व्याजाचा दर चढविणें हा मात्र माणसांनीं बैठकींत बसून केलेला निर्णय होय. तो कधीं करावाहि लागेल. मग तो आपला म्हणून करावा, निसर्गाच्या माथीं मारूं नये.

त्या मुलास पुढें नोकरी लागली. वहिनींनीं स्वतः घरीं येऊन पेढे दिले. आम्हीं त्यांना सांगितलें कीं, त्या दिवशींच्या तुमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस कोणत्याहि पुस्तकांत सांपडलें नाहीं. आंकडे किती तें सांगतात, कोण तें सांगत नाहींत. त्या म्हणाल्या, “मग निदान दुसऱ्या कोणाच्या घरीं तें वाक्य बोलूं नका.” त्या दिवसापासून आम्ही तें बोललों नाहीं.