एकच कंपनी, दोन नियम



स्वस्त विमानांमुळे आपला प्रवास सोपा झाला, हे आधी मान्य करते. पूर्वी सम्मेद शिखरजीला जायचं म्हणजे रेल्वेत बसून अंग आंबून जायचं. आता रांचीपर्यंत विमान आणि पुढे गाडी. पण या विमानांत नियम नक्की कोण ठरवतं, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या फाल्गुनात सासूबाईंना घेऊन गेले होते. जाताना काउंटरवर माझी पर्स सामानाबरोबर वजनात धरली आणि 7 किलोच्या वर गेलं म्हणून पैसे भरायला लावले. येताना तेच सामान, तीच पर्स, कुणी पाहिलंसुद्धा नाही.

खरा त्रास परतीच्या प्रवासात झाला. एकाच दिवशी एकाच कंपनीची दोन विमानं होती. पहिल्यात मी डबा उघडला, तेव्हा हवाईसुंदरी स्वतः कोमट पाणी घेऊन आली. "आजी, सावकाश खा," म्हणाली. दुसऱ्या विमानात साडेपाचला मी दशम्या आणि कोरडी चटणी काढली, तर उत्तर आलं, "मॅडम, बाहेरचं खाणं चालत नाही. आमच्या मेनूतलं घ्या." मेनूत होतं काय? सँडविच, नूडल्स, उपमा. कांदा-लसूण नाही असं कशाबद्दलच खात्रीनं सांगता येईना. हा नियम कुठे लिहिलाय, असं मी विचारलं, तर "रूल आहे" म्हणून ती पुढच्या रांगेकडे गेली.

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "राहू दे गं, वाद नको." त्यांचं वय 78. रात्रीचं खाणंपिणं त्यांनी लग्नाआधीच सोडलेलं आहे. रक्तदाबाची गोळी जेवणानंतरची. विमान उतरलं तेव्हा अंधार पडला होता. ती रात्र मी दर तासाला उठून त्यांच्याकडे पाहत काढली.

मी आवाज का चढवला नाही, असं मुलानं विचारलं. विमानात आवाज चढवणं सोपं नसतं. गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशांसाठी डीजीसीएची 2017 पासून तीन पातळ्यांची नियमावली आहे. नुसत्या शाब्दिक गैरवर्तनालाही तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते. तशी नियमावली हवीच. दारू पिऊन धिंगाणा घालणारेही असतात. पण त्या धाकानं साधा प्रश्न विचारायलाही बाईमाणूस कचरतं.

घरी आल्यावर कंपनीच्या अटी वाचून काढल्या. घरचं कोरडं खाणं आणायला मनाई कुठेच नव्हती.

त्या मुलींचाही मी विचार केला. एक विमान उतरवून थोड्याच वेळात दुसरं भरायचं, त्यात खाणं विकायचं, कचरा गोळा करायचा. दमलेल्या माणसाला "नाही" म्हणणं सोपं जातं. पण पट्टा बांधा, खिडकी उघडा, हे सुरक्षेचे हुकूम. ते निमूट पाळायचे. मेनूतलंच खा, ही विक्री झाली. हा फरक कंपनीनं त्यांना शिकवायला हवा आणि आपणही ओळखायला हवा.

आता मी काय करते ते सांगते. निघण्याआधी कंपनीच्या अटींचं पान फोनमध्ये साठवून ठेवते. अडवलं तर शांतपणे ते दाखवते आणि मुख्य परिचारिकेला बोलवायला सांगते. नाव, विमान क्रमांक आणि वेळ लिहून घेते. कंपनीनं दाद दिली नाही, तर सरकारच्या एअरसेवावर तक्रार करता येते. विमानाला उशीर झाला, तर ठरावीक वेळेनंतर खाणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. लहान प्रवासासाठी ती मर्यादा दोन तासांची आहे. तेव्हा सँडविच नाकारून फळं मागायला लाजू नका. आणि हो, पूजेचा खोबऱ्याचा गोटा हातातल्या बॅगेत ठेवू नका. त्यात तेल असतं, पेट घेतो म्हणून सुरक्षा तपासणीत तो काढून ठेवतात. हा नियम मात्र खरा आहे, कुणाच्या मर्जीचा नाही.

मी कंपनीला एकाच पत्रात दोन्ही मुलींबद्दल लिहिलं. तक्रार एकीची, कौतुक दुसरीचं. सासूबाईंनी पत्र वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "कौतुकाचं आधी लिही." मग तसा क्रम बदलला आणि पाठवलं.