शकीमा ते हॅकमोर

भाषांतर हा आमचा पोटापाण्याचा उद्योग. करारपत्रे, औषधांची माहितीपत्रके, यंत्रांच्या पुस्तिका असे काय काय हाताखालून जाते. एकदा घोड्याच्या साजाची मेक्सिकोतली स्पॅनिश यादी इंग्रजीत करायला आली. 'सिया' म्हणजे खोगीर, पण खुर्चीसुद्धा. 'फ्रेनो' म्हणजे घोड्याच्या तोंडातले लोखंड आणि मोटारीचा ब्रेकही. असे शब्द संदर्भ पाहिला की वाटेवर येतात. 'हाकिमा'ने मात्र आम्हाला बरेच दिवस कामाला लावले.

मूळ शब्द अरबी, 'शकीमा'. लगामातले जे लोखंड घोड्याच्या तोंडात जाते, ती शकीमा. स्पेनमध्ये हा शब्द 'हाकिमा' झाला आणि अर्थ उरला तो जनावर बांधायच्या दोरीच्या म्होरकीचा. पुढे अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या गुराख्यांनी तोच शब्द कानाने उचलला आणि त्याचा 'हॅकमोर' केला. हॅकमोर म्हणजे काय? तोंडात लोखंड नसलेला, नाकावरच्या पट्ट्याने घोडा आवरणारा लगाम! ज्या शब्दाचा जन्म लोखंडातून झाला, तो तिसऱ्या भाषेत लोखंड नसण्याचे नाव झाला.

म्हणून 'हाकिमा' दिसला की डोळे मिटून 'हॅकमोर' लिहिता येत नाही. जनावर बांधायचे किंवा ओढून न्यायचे असेल तिथे 'हॉल्टर', स्वार वर बसणार असेल तिथे 'हॅकमोर'. शब्द एकच, पण त्याला दोन दारे.

त्या गुराख्यांच्या कानांनी आणखी गमती केल्या आहेत. 'ला रेआता' या दोरीचा 'लॅरियट' झाला. गुराखी म्हणजे 'बाकेरो', त्याचा झाला 'बकरू'. आपल्याला ते करडूच वाटेल! हॅकमोरला जोडून गळ्याखालून बांधायच्या दोरीला स्पॅनिशमध्ये 'फियादोर' म्हणतात, म्हणजे चक्क जामीन. इंग्रजीत तिचे नाव पडले 'थिओडोर'. एका जामिनाचे असे बारसे झाले.

पण हे अरबी शब्द मेक्सिकोत पोचले कसे? इ. स. ७११ मध्ये मुसलमान स्पेनमध्ये उतरले. आखूड रिकिबीत पाय ठेवून चपळ स्वारी करण्याची उत्तर आफ्रिकेतल्या झनाता कबिल्याची रीत स्पॅनिश लोकांनी उचलली. त्या कबिल्याच्या नावावरून स्पॅनिशमध्ये स्वाराला आजही 'हिनेते' म्हणतात. इंग्रजीत त्याचाच 'जेनेट' झाला, पण तो स्वार नव्हे, लहान चणीचा स्पॅनिश घोडा! १४९२ मध्ये ग्रानाडा पडले. १५१९ मध्ये कोर्तेस १६ घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. १५६७ मध्ये ग्रानाडात अरबी बोलण्या-लिहिण्यावर बंदी आली. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना, म्हणजे धर्मांतरित मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढले. माणसे गेली. त्यांचे शब्द मात्र घोड्याच्या पाठीवर बसून राहिले.

यादीत 'आल्फोर्हा' होता. घोड्यावर दोन्ही बाजूंना लोंबणारी पिशवी. अरबीत 'अल-खुर्ज', आणि आपल्या मराठीत खुर्जी. 'हाएस'ही होता. अरबी 'जहाज', म्हणजे साहित्य, सरंजाम. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ घोड्याचा शृंगार. पुढे 'त्या हाएसचे लोक' म्हणजे 'तसल्यांतले लोक' असा कुत्सित अर्थही त्याला चिकटला. आपल्याकडे तोच शब्द 'जहेज' होऊन आला. तिकडे हा सरंजाम घोड्याच्या पाठीवर चढला, इकडे मुलीच्या बापाच्या.

खोगीर, लगाम, तंग फारसी, रिकीब अरबी. पण 'खोगीरभरती' म्हणताना कुणाला परके वाटते? तो शब्द अस्सल मराठी टोमण्याचा. शब्दाला ही सवलत सहज मिळते, बोलणाऱ्याला मिळतेच असे नाही. "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो!" हे कौतुक आम्ही शाळेपासून ऐकत आलो. म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते, पण आमची आई ज्या भाषेत आम्हाला रागावली ती भाषा आम्हाला कुणी बक्षीस दिल्यासारखे वाटते.

'हाकिमा'पुढे आम्ही 'हॉल्टर' लिहिले तेव्हा शकीमा त्या कागदावरून पुसली गेली. त्याची खंत नाही, वापरणाऱ्याला नेमकी वस्तू मिळायला हवी. शब्दाचा अर्थ तो ज्याच्या हातात आहे त्याला विचारावा. त्याचे मूळ गाव आपण ओळखून असावे, पण त्या गावाला परत जा, असे त्याला सांगू नये. भाषांतराच्या धंद्यातला हा साधा नियम माणसांनाही लागू करायला काय हरकत आहे?