थ्री फेज आली

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस ताटल्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आमच्या कॉलेजातल्या पोरांनी त्या एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या असतात. २८ फेब्रुवारीला प्रदर्शन असतं, तेव्हा काहीजण आतही जाऊन येतात. पण तिथं आपलं काही काम असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. यातले बरेचजण आश्रमशाळेतून आलेले, घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढलेले.

रेडिओ खगोलशास्त्र शिकवायचं म्हणून पहिल्या वर्षी मी त्यांना नेटवरची तयार रंगीत चित्रं दिली. त्यांनी ती वहीत सुबक उतरवली आणि विचारलं, "मॅडम, बरोबर आहे ना?" माझंच चुकलं होतं.

आता सुरुवात तारेपासून. गुरू ग्रहाचा रेडिओ-आवाज २०.१ मेगाहर्ट्झच्या आसपास मिळतो. तिथं तरंगलांबी पंधरा मीटर, म्हणून तिच्या निम्म्याहून किंचित कमी, सात मीटर तांब्याची तार घ्यायची, मधोमध तोडून दोन बांबूंमध्ये ताणायची आणि मधून केबल खाली रिसीव्हरला आणायची. माझी गाठ दर वेळी सरकते. मांडव बांधलेल्या पोरांची सरकत नाही.

एका रात्री गुरूची वाट बघत बसलो होतो. आलेखाची रेघ एकदम उंच चढली ती खाली येईना. मी आयनोस्फिअरवर बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अकरावीतली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "मॅडम, थ्री फेज आली."

बाहेर विहिरीवरची मोटर सुरू झाली होती. तिचे वडील रात्री कांद्याला पाणी द्यायला जातात, त्यामुळे विजेचं वेळापत्रक तिला तोंडपाठ. मग तीन आठवडे तिनं रेघ चढल्या-उतरल्याच्या वेळा लिहिल्या. बहुतेक जुळल्या, पण दोन रात्री थ्री फेज नसतानाही रेघ वरच होती. मला ते दोन आकडे सोडून द्यायचा मोह झाला, खरं सांगते. ती मात्र आजोबांचा ट्रान्झिस्टर घेऊन, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून, विजेच्या तारेखालून चालत गेली. ओढ्याजवळच्या एका खांबापाशी खरखर एकदम वाढली. वर क्लॅम्प सैल होता. वायरमननं आठवड्याभरानं तो आवळला आणि त्या रात्री रेघ खाली आली. गुरू त्या हंगामात दोनदाच सापडला; किनाऱ्यावर लाटा फुटाव्यात तसा आवाज.

मे महिन्यात उन्हाळी प्रकल्पाचा इंग्रजी अर्ज भरायचा होता. 'संशोधनाचा अनुभव' हा रकाना तिनं कोरा ठेवला.

"का गं?"

"मी तर फक्त खांब शोधला."

कमी वारंवारतेवर काम करणाऱ्या मोठमोठ्या दुर्बिणींवरही असला गोंगाट हुडकायला पगारी माणसं असतात, हे मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नसावा. पण तिनं पेन उचललं आणि रकान्यात आधी खांबाचा नंबर लिहिला.