विंगवरच्या पोराचा भाव

१.
फुटबॉल हंगामाआधी केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे) खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की पेठापेठांत दोनच प्रश्न असतात: कोण गेला आणि कितीला गेला. कुठल्या जागेवर खेळायला गेला, हे फार थोडे विचारतात. मी तोच आधी विचारतो.

२.
शाहू स्टेडियम, दुपारचा सामना. डाव्या विंगला वीस-एकवीस वर्षांचं पोरगं. नाव लिहीत नाही. गेला हंगाम त्याला वाईट गेला, यंदा त्याची तालीम, म्हणजे क्लब, त्याला ठेवणार की सोडणार याची चर्चा चाललेली. म्हणून चेंडू सोडून त्याच्यावरच नजर ठेवली.

पूर्वार्धात त्याच्याकडे चेंडू आला सहा वेळा. चार वेळा त्याची पाठ गोलकडे, पाय टचलाईनवर आणि बॅक मागून अंगावर. एकदा डोक्यावरून थेट बाहेर. मोकळ्या जागेत, समोर तोंड असताना चेंडू मिळाला तो एकदाच. तेव्हा त्यानं पहिल्याच स्पर्शात चेंडू बॅकच्या आतल्या बाजूला ढकलला, दोन पावलांत त्याला मागे टाकलं आणि मान वर करून जमिनीलगत क्रॉस दिला. मोठ्या डीमध्ये आपलं कोणीच पोचलेलं नव्हतं.

शेजारचे मामा म्हणाले, "पळतंय लई, पर हुतंय काय?"

३.
मामांचं चूक नाही. सामन्याच्या वहीत त्या क्रॉसला रकाना नाही.

४.
बर्फावरच्या हॉकीतला एक सौदा, एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमधला. मार्कुस नेस्लुंड, स्वीडनचा विंगर. पिट्सबर्गकडून पहिल्या दोन हंगामांत मिळून सहा गोल. तिसऱ्यात खेळ उघडला, पण उत्तरार्धात गोल आटले. २० मार्च १९९६ रोजी क्लबने त्याला व्हँकुव्हरला देऊन बदल्यात अॅलेक स्टोयानोव्ह घेतला. धिप्पाड, अंगावर जाणारा गडी. तशा गड्याची उणीव क्लबला भासत होती. दोघेही बावीस वर्षांचे.

स्टोयानोव्हचे त्या लीगमधल्या साऱ्या कारकिर्दीतले गोल: २. नेस्लुंडचे एकट्या व्हँकुव्हरसाठीचे गोल: ३४६. तो २००० पासून तिथला कर्णधार होता. २०१० मध्ये क्लबने त्याचा १९ नंबर कायमचा निवृत्त केला.

५.
निवड चाचणीत आपल्याकडे पहिली मोजतात ती उंची.

६.
कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं फार जास्त आहेत, हे रॉजर बार्न्स्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. वयोगटाची तारीख १ जानेवारी. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा. दहाव्या वर्षी तो अंगानं मोठा दिसतो, म्हणून निवडला जातो. निवडला जातो म्हणून सराव जास्त मिळतो आणि पुढे खरोखरच चांगला होतो.

आपल्या पोरांचा भाव करताना जन्माचा महिना विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

७.
अनिकेत जाधव. कोल्हापूरचा, जन्म १३ जुलै २०००. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक दिल्लीत खेळला, तोही फॉरवर्ड म्हणून. भारत तिन्ही सामने हरला. एकमेव गोल कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर जिक्सन सिंगच्या डोक्यातून. आघाडीवरच्या पोरांच्या वाट्याला मागे धावणंच जास्त आलं.

मग इंडियन अॅरोज आणि त्यानंतर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. तिथे तो विंगवर गेला. जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा. पंचविशीच्या आत चार क्लब. कोल्हापुरात याचे दोन अर्थ लावतात. कोणी म्हणतं, टिकत नाही. कोणी म्हणतं, चौघांना हवा होता. मी दुसऱ्यांतला. २०२१-२२ मध्ये हैदराबादने आयएसएल जिंकली, त्या संघात तो होता. त्या हंगामात हैदराबादच्या ओगबेचेचे गोल अठरा. गोल त्याचेच, पण त्याच्यापर्यंत चेंडू आणणाऱ्यांचा आणि बाजूनं धावून बॅकना खेचणाऱ्यांचा हिशेब कुठे लिहिला जात नाही.

८.
याच २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये एका वेळी मैदानावर चारच परदेशी, आधी पाच होते. म्हणजे सात भारतीय लागतातच. क्लब परदेशी खेळाडूंवर पैसा टाकतात तो बहुधा मधल्या ओळीत: स्टॉपर, मिडफिल्ड, स्ट्रायकर. भारतीय पोरांना जागा उरते ती कडेला. आपला पोरगा स्ट्रायकर म्हणून शिकतो आणि विंगर म्हणून विकला जातो. मग पहिली दोन वर्षं गोल का नाहीत, असं आपणच विचारतो.

९.
मार्केट यार्डात गुळाचा सौदा: व्यापारी रव्याचा खडा काढतो, रंग बघतो, कणी बघतो, जिभेवर ठेवतो आणि बोलतो. गुळाच्या बाबतीत ते पुरतं.

१०.
युरोपीय न्यायालयाचा १५ डिसेंबर १९९५ चा बोसमन निकाल. त्यानंतर करार संपलेला खेळाडू जुन्या क्लबला छदामही न देता दुसरीकडे जाऊ शकतो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत बोलणीही करू शकतो. त्यामुळे भाव ठरवताना पायाइतकंच कागदाकडेही बघावं लागतं. तीन वर्षं बाकी असलेला अडखळणारा विंगर महाग पडतो. सहाच महिने बाकी असलेला, तितकाच अडखळणारा, जवळजवळ फुकट मिळतो. पोरगं तेच.

११.
जुलै २०२५. आयएसएलचा पुढचा हंगाम बेमुदत थांबला. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी एफएसडीएल यांचा २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नवा झालेला नव्हता. त्या महिन्यात कुठल्या विंगरचा काय भाव होता?

१२.
पुन्हा ते पोरगं. उत्तरार्धात सत्तर मिनिटं उलटल्यावर आपल्या कॉर्नरवरून चेंडू निसटला आणि समोरच्यांची चढाई सुरू झाली. स्ट्रायकर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हे पोरगं साऱ्या मैदानाची लांबी मागे धावलं, आपल्या फुलबॅकच्या आत शिरलं आणि पाय घालून चेंडू बाहेर काढला. थ्रो समोरच्यांना मिळाला. स्टेडियममध्ये कोणी काही बोललं नाही.

पुढच्याच मिनिटाला त्याला बाहेर काढलं.

१३.
माझ्या हातात असतं तर त्याला सोडलं नसतं. मानधन वाढवलं नसतं, कमीही केलं नसतं. दोन हंगामांचा शब्द दिला असता आणि पहिले आठ-दहा सामने त्याला उजव्या बाजूला खेळवलं असतं. डाव्या पायाचा आहे, आत येताना चेंडू त्याच्या चांगल्या पायावर येईल. प्रशिक्षकाला एवढंच सांगितलं असतं: याला चेंडू पायात देऊ नका, बॅकच्या मागे टाका. तेवढं करूनही काही निघालं नाही, तर मामांचं ऐकेन.

१४.
फिफाचा एक नियम पेठेतल्या प्रत्येक तालमीनं वाचावा. खेळाडूची पैसे देऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली की रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीसमधल्या प्रत्येक वर्षाला अर्धा. एखादा पोरगा आपल्या तालमीत बारा ते पंधरा अशी चार वर्षं खेळला आणि पुढे एक कोटीला परदेशी गेला, तर तालमीचे एक लाख. पण त्या वर्षांची नोंदणी कागदावर पाहिजे, जिल्हा आणि राज्य संघटनेमार्फत वर राष्ट्रीय महासंघापर्यंत पोचलेली. आज गल्लीत खेळणाऱ्या बारा वर्षांच्या पोरांची नावं कुठल्या रजिस्टरात आहेत, हे नोंदणीच्या खिडकीवर एकदा विचारून यायचं आहे.