दप्तराआधी झोप

जून उजाडला की रायपूरच्या गोल बाजारात एका हातात यादी आणि दुसऱ्या हातात मुलाचं मनगट धरलेले पालक दिसू लागतात. छत्तीसगडच्या शाळा साधारण 16 जूनला उघडतात, त्यामुळे ही लगबग समजते. पण वह्या-दप्तर एका संध्याकाळचं काम. झोपेची घडी बसायला दिवस लागतात, आणि तिची आठवण मात्र आदल्या रात्री होते. अमेरिकेतल्या निद्राविज्ञान अकादमीने 2016 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी रोज 9 ते 12 तास झोप सांगितली. सहाला उठायचं तर नऊला डोळा लागायलाच हवा. सुट्टीत साडेअकराला झोपणारं मूल रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणलं, तरी दहा दिवस जातात.

सुट्टी मुलांची आहे, तिच्यातही शिस्त कशाला, असं कुणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. पण पेंगुळलेलं मूल पहिला आठवडा रडत काढतं, तो जाच शिस्तीपेक्षा मोठा. अभ्यासाचंही तसंच. सुट्टीत वाचनापेक्षा गणित जास्त विसरलं जातं, असं संशोधक हॅरिस कूपर यांच्या 1996 च्या आढाव्यात दिसलं. त्यासाठी शिकवणी नको, बाजारातला हिशेब मुलाला करू द्या, सुटे पैसे त्यालाच मोजू द्या.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आपल्यापेक्षा उशिरा उघडतात, तिथली भावंडं अजून सुट्टीवर असतात, म्हणून सुट्टीत गेलेल्या मुलांचं नागपूरचं आजोळ लवकर सुटत नाही. तरी यंदा परतीचं तिकीट शाळा उघडण्याच्या दहा दिवस आधीचं काढा.